हिरामण मिस्तरी परीक्षेला बसले

आमचे हिरामण आबा कुणाच्याही घरी गेले की आधी भिंतीला भेटतात, मग माणसांना. चपला दाराशी काढल्या की उजव्या हाताचं मधलं बोट वाकवून भिंतीवर टकटक करायची, कान तिरपा करायचा, आणि मगच "राम राम". लग्नघर असो, बारसं असो, कुणी वारलेलं असो, त्यांचा क्रम बदलत नाही. गल्लीतले तात्या गेले तेव्हा सगळे खाली माना घालून बसले होते. आबा आत आले, सवयीनं भिंत वाजवली, तात्यांच्या थोरल्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "वाईट झालं रे भाऊ. फार वाईट झालं. आणि ही भिंत ओल धरतेय, तेवढं दिवसकार्य झाल्यावर बघून घे."

आता तुम्हाला वाटेल, त्यांचं निदान दर वेळी बरोबर निघत असेल. तसं काही नाही. माझ्या बैठकीतली भिंत त्यांनी एकदा वाजवली आणि ठणकावून सांगितलं, "अक्का, पोकळ शे. बठ्ठं प्लास्टर काढायला लागेल." मी घाबरले. मग आठवलं, त्या भिंतीमागे आमच्या ह्यांनी लाकडी कपाट बसवून घेतलंय. तसं सांगितल्यावर आबा जराही वरमले नाहीत. म्हणाले, "तेच म्हणतो मी. पोकळ शे."

आबा ठेकेदार आहेत. मोठमोठ्या इमारतींचे नव्हेत, राहत्या घरांचे. खाली दोन खोल्या, वर एक, पुढे ओटा, मागे मोरी, अशी घरं. आमच्या देवपुरात, पांझरा नदीच्या अलीकडे, कुठल्याही गल्लीत शिरा, एखादं तरी घर आबांच्या हातचं निघेल. सगळे त्यांना मिस्तरी म्हणतात, पण त्यांना स्वतःला ठेकेदार म्हटलेलं आवडतं. शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी ओळंबा, म्हणजे भिंत सरळ आहे का हे बघायचा दोरीला बांधलेला लोखंडी लट्टू. डोक्यावर पांढरी टोपी. ती टोपी त्यांनी चारचौघांत काढलेली मी पाहिली नाही.

त्यांचं बोलणं अर्धं अहिराणी, अर्धं मराठी. "शे" म्हणजे आहे, "बठ्ठं" म्हणजे सगळं, "माले" म्हणजे मला. मी सगळं तसंच लिहीत बसत नाही, नाहीतर पुण्याकडच्या वाचकांना घाम फुटायचा. पण एक शब्द मात्र सांगते, तो म्हणजे "पक्कं का?" हे ते कशालाही विचारतात. चहा दिला की "साखर पक्की का?" पाहुणे आले की "मुक्काम पक्का का?" आणि माणसांची पारखही बांधकामातच. माझ्या भाचीला स्थळ आलं तेव्हा मुलगा बघायला मी आबांनाही नेलं होतं. बाहेर आल्यावर विचारलं, "कसा वाटला?" आबा म्हणाले, "पाया चांगला शे. वरला मजला बाकी शे." भाचीनं होकार दिला, आणि आता त्या जावयाचा वरला मजला चढला की नाही, हे मी इथं लिहिणार नाही. तोही हे वाचेल.

आबांची बायको, आमची सुमनबाई, जाऊन काही वर्षं झाली. एकच लेक, वैशाली. ती जळगावला दिली. जावई नोकरीवाला, शांत, चारदा विचारल्याशिवाय बोलत नाही असा. आबा इथं देवपुरात एकटे, माझ्या कंपाउंडच्या पलीकडे. गेल्या वर्षी एका घराच्या बाहेरून प्लास्टर चाललं होतं, तेव्हा आबा परांचीवरून पडले. परांची म्हणजे बांबू बांधून वर चढायची जी फळी असते ती. चार कारागीर पोरं हाताशी असताना हे स्वतः चढले होते. खुबा मोडला. वैशाली आली, दवाखान्यात राहिली, घरी आणून चालायला लावलं, मग गेली. आबा बरे झाले आणि काठी टाकून पुन्हा साइटवर. कुणी विचारलं तर सांगायचे, "पडलो नाही. फळी सुटली. मी फळीबरोबर खाली आलो."

तर हे सगळं असताना वैशालीनं आणि जावयानं जळगावात प्लॉट घेतला. बातमी कळल्याबरोबर आबांनी माझ्या ओट्यावर येऊन खडूनं घर काढायला सुरुवात केली. पुसायची परवानगी नव्हती. मी रोज त्या घराच्या स्वयंपाकघरातून बाहेर पडायची आणि मोरीतून आत यायची. "लोकांची घरं बांधण्यात जन्म गेला, अक्का. आता लेकीचं. हे घर बांधलं की माझं झालं," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे.

आणि मग वैशालीचा फोन आला. मी तिथंच होते, फोन स्पीकरवर होता. ती म्हणाली, "आबा, घराला कर्ज घेतोय ना, तर ठेकेदार प्रशिक्षण घेतलेला पाहिजे. त्याच्याकडे सर्टिफिकेट पाहिजे. म्हणून आम्ही इथलाच एक बघितलाय."

आबांनी चालू फोन मांडीवर ठेवला, खिशातला ओळंबा काढला, हातात घेऊन बसले. माझ्या मनात आलं, आता हे ओरडतील. ओरडले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "सर्टिफिकेट कुठं मिळतं?"

वैशालीला हा प्रश्न येईल असं वाटलं नसावं. ती म्हणाली, "अहो आबा, ते... वर्ग असतात. रोज जावं लागतं. परीक्षा असते."

"मग तुझ्या त्या ठेकेदाराला थांबव. मी येतो सर्टिफिकेट घेऊन."

असे आबा, साठी कधीच ओलांडलेली, पुलापलीकडच्या बांधकाम प्रशिक्षण केंद्रात विद्यार्थी म्हणून दाखल झाले. पहिल्या दिवशी मला वाटलं होतं, दुपारी परत येतील. आले संध्याकाळी, आणि आले ते तोंड पाडून.

"काय झालं आबा?"

"मशीन माले ओळखत नाही."

हजेरी अंगठ्यावर होती. मशीनवर अंगठा ठेवायचा, हिरवा दिवा लागला की हजर. आबांचा अंगठा ठेवला की लाल. दुसरा अंगठा, लाल. सगळी बोटं झाली, लाल. इतकी वर्षं सिमेंटमध्ये हात, अंगठ्यावर रेघा उरल्याच कुठं? आणि हजेरी नाही तर परीक्षा नाही, परीक्षा नाही तर सर्टिफिकेट नाही, आणि सर्टिफिकेट नाही तर लेकीचं घर दुसराच कुणी बांधणार.

कुणी सांगितलं खोबरेल तेल लावा, कुणी सांगितलं साय लावा. मी म्हशीच्या दुधाची साय वाटीत काढून द्यायची आणि आबा माझ्या ओट्यावर दोन्ही हात पुढे धरून बसायचे, हळदीला बसल्यासारखे. जाता येता पोरं विचारायची, "आबा, मुहूर्त कधीचा?" आबा म्हणायचे, "पोरगी पक्की झाली की सांगतो." रेघा काही उगवल्या नाहीत. शेवटी तिथल्या मॅडमनी फोटो काढून हजेरी लावायची मुभा मिळवून दिली. आबा मला सांगत होते, "मी सांगितलं मॅडमले, माझा अंगठा पाहिजे असेल तर देवपुरात चला. भिंतीभिंतीत शे."

खरं सांगू, हे ऐकून मलाच अभिमान वाटला. मी दिवसभर ज्याला त्याला सांगत सुटले.

या मॅडम म्हणजे वैशालीपेक्षाही लहान. इंजिनिअर पोरगी, केस मागे घट्ट बांधलेले, पायात बूट, आवाज खणखणीत. आबांना "मॅडम" म्हणणं जड जाई आणि "बेटा" म्हणणं शोभेना, म्हणून ते तिला "बेटा-मॅडम" म्हणू लागले. पुढे सगळा वर्गच म्हणू लागला.

वर्गात बाकी सगळे तिशी-चाळिशीतले. त्यात आबांच्याच हाताखाली शिकलेला सलीम. सलीम फरशीचा कारागीर, बोलायला हिंदी-मराठी-अहिराणी एका दमात. आबांनी त्याला कधीकाळी एक फरशी वाकडी बसवली म्हणून सबंध खोली उखडायला लावली होती. आता तो शेजारच्या बाकावर. पहिल्या चाचणीत सलीमला आबांपेक्षा जास्त गुण पडले. तो घरी पेढे घेऊन आला, आबांना वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "उस्ताद, कुछ समझ में नहीं आया तो पूछ लेना, शरमाना मत." आबांनी पेढा खाल्ला, पाठीत एक धपाटा घातला आणि मग हळूच विचारलं, "तो नकाशा वाचायचा धडा... आज संध्याकाळी बसशील का?"

कारण आबांना नकाशा वाचता येत नव्हता. हे मलाही तेव्हाच कळलं. आजवर इंजिनिअरनं कागद दिला की ते मालकाला म्हणायचे, "तोंडी सांगा, कागद वाऱ्यानं उडतो." मग जमिनीवर फक्कीनं, म्हणजे चुन्याच्या भुकटीनं, रेघा मारून घर उभं करायचे. कागदावरचं घर त्यांना घर वाटायचंच नाही. आता सलीम शिकवायचा आणि आबा भांडायचे. "दार असं पाव गोल काढतात का कधी? हे दार शे का भाकरीचा तुकडा?" सलीम सांगायचा, "दार किधर खुलता है वो दिखाया है, उस्ताद." आबा मान हलवायचे. दोन दिवसांनी मी बघते तर ओट्यावरच्या खडूच्या घराला सगळीकडे भाकरीचे तुकडे लागलेले.

दुपारी मी त्यांना पुस्तक वाचून दाखवायची, त्यांचा चष्मा जुना झाला होता म्हणून. माझं स्वतःचं शिक्षण सातवीपर्यंत, बाकी सगळं वाचनालयाच्या जोरावर. पण बांधकामाचं पुस्तक मी आयुष्यात पहिल्यांदा वाचत होते आणि मला ते भारी आवडलं. स्लॅबच्या सळ्यांखाली ठोकळे का ठेवायचे, सिमेंटमध्ये पाणी जास्त झालं तर काय होतं, साइटवर बायांसाठी आडोशाची सोय का पाहिजे. आबा प्रत्येक वाक्याला हुज्जत घालायचे. "कामगाराला प्यायला स्वच्छ पाणी द्यावे." "हे काय शिकवायचं असतं?" "उंचीवर काम करताना सुरक्षा पट्टा लावावा." "पट्टा बैलाला, अक्का, माणसाला नाही." पण स्लॅबच्या पाण्याचा धडा झाला तेव्हा हुज्जत घातली नाही. परत वाचायला लावलं. मग म्हणाले, "हे मी चुकीचं करत होतो." एवढंच, स्वच्छ. मला वाटतं, त्या वयात असं म्हणता येणं ही काही साधी गोष्ट नाही. आमच्याकडे भाजीत मीठ जास्त झालेलं कुणी कबूल करत नाही.

हेल्मेटचं भांडण मात्र गाजलं. हेल्मेट घालायचं तर टोपी काढावी लागणार, आणि उघड्या डोक्यानं आबा उभे राहणार नाहीत. "टोपी काढतात ती माणूस गेल्यावर. मी जिवंत शे." बेटा-मॅडम म्हणाल्या, "आबा, हेल्मेट घातलं नाही तर मात्र टोपी काढायची वेळ लवकर येईल." वर्ग हसला. आबाही हसले. शेवटी टोपी घडी घालून सपाट केली आणि हेल्मेटचा आतला पट्टा ढिला करून वर बसवलं. पिवळ्या हेल्मेटखाली पांढरी किनार, असं ते ध्यान पुलावरून चालत घरी यायचं. काढायला सांगितलं तर म्हणायचे, "रस्त्यावरही डोक्यावर काय पडेल नेम नाही."

मग पट्ट्याचा दिवस आला. कमरेला, खांद्याला, मांड्यांना पट्टे आवळून वरच्या दांड्याला अडकवायचं आणि पाय सोडून लोंबकळायचं, जमिनीपासून जेमतेम हातभर वर. आबांना आधी लावलं, वयाचा मान म्हणून. सलीमनं मला नंतर सगळं साग्रसंगीत सांगितलं. आबा लोंबकळत होते, हेल्मेट एका बाजूला, ओळंबा खिशातून निसटून त्यांच्याशेजारी लोंबकळतोय. "अक्का, दो ओलंबे थे, दोनों सीधे," सलीम म्हणाला. आबा ओरडत होते, "बेटा-मॅडम, पक्कं का? पक्कं का?" मॅडम म्हणाल्या, "पक्कं आहे आबा, पाय हलवून बघा." त्यांनी पाय हलवले. आणि मग, सलीम सांगत होता, पट्टा मुठीत धरून तसेच राहिले. उतरवा म्हणेनात.

त्या संध्याकाळी माझ्या ओट्यावर येऊन बसले. मग म्हणाले, "गेल्या साली हा पट्टा असता, अक्का, तर पोरीले दवाखान्यात बसणं पडलं नसतं." फळीबरोबर खाली आलो, असं त्या दिवसानंतर ते कधी म्हणाले नाहीत.

परीक्षेचा दिवस उजाडला. मी घरी गिऱ्हाइकांसाठी नागलीचे पापड लाटत होते, तोंडाला, हाताला पीठ. फोन वाजला. आबा.

"अक्का, लगेच या. हळदकुंकू घेऊन या. गूळ घ्या."

"अहो पण परीक्षा?"

"परीक्षाच सुरू शे. घरधनीण पाहिजे."

आता हे सांगायला हवं. आबांचा नेम असा, की घराची पहिली वीट त्या घरच्या बाईनं ठेवायची. पूजा भटजी सांगेल तशी होऊ दे, पण वीट बाईच्या हातची. मालक कितीही मोठा असो, तो बाजूला. "घर बाई चालवते, मग सुरुवात कुणाची?" असं त्यांचं म्हणणं. आणि परीक्षेत प्रत्येकानं एक छोटी कोपऱ्याची भिंत बांधायची होती, ठरलेल्या वेळात. सगळ्यांनी भराभर सुरुवात केली. आबा विटांसमोर मांडी घालून बसलेले.

मी तशीच, पिठाच्या हातानं, रिक्षा करून पूल ओलांडून गेले. मैदानात परीक्षक घड्याळ बघत उभे. नाशिककडून आलेले, कडक इस्त्रीचा शर्ट. ते आबांना समजावत होते, "आजोबा, ही परीक्षा आहे. हे घर नाही."

"भिंत तर शे ना?"

"पण ही संध्याकाळी पाडायची आहे!"

"ती पाडायची म्हणून वाकडी बांधू का? मग बाईच्या हाताशिवाय तरी कशी बांधू?"

परीक्षकांनी माझ्याकडे बघितलं. "तुम्ही कोण?"

मी म्हटलं, "मी घरधनीण."

बेटा-मॅडमनी तोंड फिरवलं, खांदे हलत होते. मी विटेला हळदकुंकू वाहिलं, गुळाचा खडा ठेवला, आबांनी पसरलेल्या सिमेंटच्या मालावर वीट ठेवली. आबांनी ती थापीच्या दांड्यानं ठोकली आणि मग जे काय हात चालू लागले! पण गंमत पुढंच आहे. बाजूच्या पोरानं हाक मारली, "अक्का, माझ्या भिंतीला पण." त्याची भिंत कमरेपर्यंत आलेली. म्हटलं, अरे पहिली वीट कधीच गेली. "मग वरच्या विटेला लावा." असं करत सगळ्या भिंतींना कुंकू लागलं. सलीम म्हणाला, "अक्का, हमारी दीवार को बस हाथ लगा दो, काफी है." मी त्याच्या भिंतीवर पिठाचा पंजा उमटवला. शेवटी परीक्षकांनी रुमालावर गूळ घेतला, इकडेतिकडे बघत खाल्ला, आणि म्हणाले, "चला, आता मैदानाबाहेर व्हा, घरधनीणबाई."

वेळ संपली तेव्हा आबांची भिंत एक थर कमी होती. वाट बघण्यात वेळ गेला होता ना. परीक्षकांनी त्याचे गुण कापले. मला फार वाईट वाटलं, म्हटलं, माझ्या रिक्षावाल्यानं गर्दीत वेळ खाल्ला. आबा शांत होते. मग तोंडी परीक्षा झाली. लांबून मला ऐकू येत नव्हतं, पण परीक्षक विचारत होते आणि आबा हातवारे करून सांगत होते, मधेच कमरेला पट्टा आवळल्याची नक्कल, मधेच हेल्मेटवर टकटक. परीक्षक हसले तेव्हा मी हात जोडले.

पुढे निकाल लागायला वेळ लागला. त्या दिवसांत ओट्यावरचं खडूचं घर आबा रोज थोडं पुसायचे आणि परत काढायचे, खिडकी इकडून तिकडे न्यायचे. एका सकाळी सलीम मोटारसायकलवरून आला आणि गल्लीच्या तोंडापासूनच ओरडला, "उस्ताद पास! मैं भी!" गल्ली जमा झाली. आबांनी मोबाइलवरचा निकाल तीनदा वाचायला लावला आणि प्रत्येक वेळी विचारलं, "पक्कं का?"

सर्टिफिकेट घ्यायला ते नवा कुडता घालून गेले. त्यावरचा फोटो म्हणजे हेल्मेट, त्याखाली टोपी, त्याखाली आबा. नावापुढे "ठेकेदार" असं लागत नाही, पण आबांनी ते मनानंच लावून घेतलं. मला मात्र ते कागदावर नसलं तरी चालेल. आमच्या गल्लीतला माणूस या वयात बाकावर बसला, लहान पोरांपुढे चुकला, परत शिकला आणि पास झाला. मी पापडाच्या गिऱ्हाइकांनाही ते सर्टिफिकेट दाखवलं, त्यांनी मागितलं नसताना.

मग आम्ही दोघं एसटीनं जळगावला गेलो. आबांनी सर्टिफिकेट प्लास्टिकच्या पिशवीत घालून मांडीवर सपाट धरलं होतं. वैशालीच्या घरी गेल्यावर, भाड्याचंच घर ते, त्यांनी आधी भिंत वाजवली, नाक मुरडलं, आणि मग पिशवी टीपॉयवर ठेवली.

"घे. पास."

वैशालीनं ते हातात घेतलं. फोटोकडे बघितलं. जावई खिडकीबाहेर बघू लागले. वैशाली आत गेली, म्हणून मी मागोमाग गेले. ती स्वयंपाकाच्या ओट्याला टेकून उभी होती, पदर तोंडाला.

"काकू, मला काय माहीत हे खरंच जातील म्हणून?"

"म्हणजे?"

"बँकेनं काही मागितलं नाही हो. अट मीच घातली. त्यांना पुन्हा परांचीवर बघायचं नव्हतं मला. दवाखान्यात ते शुद्धीत नव्हते तेव्हा मी काय काय नवस बोलले... तोंडावर नको म्हणवेना, म्हणून हे सर्टिफिकेटचं काढलं. म्हटलं, आबा कुठले वर्गात बसतात. चिडतील, आणि नाद सोडतील."

मी तिला पट्ट्याचं सांगितलं. आबा कसे लोंबकळले, आणि नंतर माझ्या ओट्यावर बसून काय म्हणाले ते सांगितलं. ती ऐकत राहिली. मग तोंड धुतलं आणि बाहेर आली.

"आबा, घर तुम्हीच बांधायचं. पण खाली उभं राहून. तुम्ही वर चढायचं नाही. ज्याला चढवाल त्याला पट्टा."

आबांनी हेल्मेटवाल्या फोटोकडे बोट केलं. "ठेकेदार चढत नाही. कारागीर चढतो. धडा दुसरा."

जावई, चारदा विचारल्याशिवाय न बोलणारे, आपण होऊन म्हणाले, "मग आबा, प्लॉट बघायला जायचं का आता?" गेले दोघं. परत आले ते पायात माती घेऊन, आणि जावयाच्या हातात फक्कीची पिशवी.

संध्याकाळच्या गाडीनं आम्ही निघालो. वैशालीचं गुपित माझ्या पोटात होतं आणि ते मला फार टोचत होतं. सांगावं की नको, असं एरंडोलपर्यंत चाललं होतं. आबा खिडकीशी बसलेले. एकाएकी म्हणाले, "पोरीनं सांगितलं का तुम्हाला?"

"काय?"

"बँकेचं."

"तुम्हाला माहीत होतं?"

"फोन आला त्याच्या दुसऱ्या दिवशीच आपल्या देवपुरातल्या बँकेत गेलो होतो. साहेब म्हणाला, घराच्या कर्जाला ठेकेदाराचा कागद लागत नाही. तेव्हाच समजलो."

"मग? एवढं सगळं कशाला केलंत? ती साय, ते पट्टे, ते नकाशातले भाकरीचे तुकडे?"

आबांनी टोपी सारखी केली. मग बाहेर बघत बोलले, कपाशीची शेतं मागं जात होती. "तिला नको म्हणायचं होतं, अक्का. सरळ म्हणाली असती तर मला गप बसावं लागलं असतं. पण तिनं नको म्हटलं नाही. तिनं काहीतरी मागितलं. तिची आई गेली तेव्हापासून फक्त तीच विचारते, जेवले का, गोळी घेतली का. मागितलं कधीच काही नाही. म्हातारा काय देणार, असं वाटत असेल. पहिल्यांदा काहीतरी आणा म्हणाली. मग आणायला नको?"

मी पिशवीतले शेंगदाणे काढले आणि त्यांच्या हातावर ठेवले. त्यांनी ते खाल्ले नाहीत, नुसते मुठीत धरून बसले.

पारोळ्याला गाडी थांबली. चहावाले, भजीवाले खिडकीशी आले. आबांनी मला कोपरानं डिवचलं.

"फोन लावा तिला."

"कशाला हो?"

"पोचलो म्हणून सांगा."

"अहो आबा, पोचलो कुठं? हे पारोळं आहे."

"पारोळ्याला तर पोचलो ना? तेवढं सांगा. वाट बघत असेल."

मी फोन लावला. पहिल्याच रिंगला तिनं उचलला.